यकृताचा पुनर्जन्म : आशा किती, आभास किती?

गेल्या पंधरवड्यात डिचोली तालुक्यातील एक गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. ओळख ना पाळख. परंतु वर्षानुवर्षांचे वाचक या एकाच नात्याने ते आले होते. त्यांच्या थोरल्या बंधूंना लिव्हर सिऱ्हॉसिस झाल्याचे निदान होऊन वर्ष लोटले आहे. पोटात पाणी साचते, ते वरचेवर काढावे लागते. मध्यंतरी एकदा रक्ताची उलटी झाली. अलीकडे दिवसा झोप आणि रात्री भ्रम असा प्रकार सुरू झाला आहे. डॉक्टरांनी यकृतरोपणाचा विषय काढला, तेव्हा घरातल्या माणसांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यानंतर कोणीतरी त्यांच्या हाती वृत्तपत्राचे एक कात्रण दिले. परराज्यातील एका खासगी दवाखान्याची ती जाहिरात होती. शस्त्रक्रिया नाही, दाता नको. केवळ मूलपेशींची सुई टोचली की निकामी झालेले यकृत पुन्हा नवे. खर्च मात्र लाखांच्या घरात. बंधूंच्या वाट्याची काजूची बागायत विकायला काढली आहे, गिऱ्हाईकही तयार आहे, देवाचा कौलही घेऊन झाला आहे. निघताना त्यांनी ते कात्रण आमच्या मेजावर ठेवले आणि विचारले, "साहेब, छापून आलंय म्हणजे खरंच असणार ना?"

या प्रश्नाने आम्हांला अस्वस्थ केले. छापील शब्दावर एवढा विश्वास ठेवणारा वाचक लाभणे हे वृत्तपत्राचे भाग्य. परंतु त्या विश्वासापोटी एखाद्या कुटुंबाची जमीन जाणार असेल, तर ते भाग्य ओझे होऊन बसते. आम्ही वैद्य नव्हे. अमुक रुग्णाने अमुक उपचार घ्यावा की नाही हे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगावयाचे असते. तथापि, मूलपेशींच्या साहाय्याने सिऱ्हॉसिस बरा होतो काय, हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही. तो सार्वजनिक झाला आहे, आणि म्हणून त्याचा सार्वजनिकरीत्या विचार करणे अगत्याचे आहे.

बीज आणि भूमी

यकृत हा मानवी देहातील एक विलक्षण अवयव होय. सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव अन्नरसावर संस्कार करतो, रक्त गोठविणारी द्रव्ये निर्माण करतो, विषारी पदार्थांचा निचरा करतो. त्याहून विलक्षण म्हणजे त्याची पुनरुज्जीवनाची शक्ती. प्रॉमिथियस नावाच्या वीराचे यकृत गरुडाने दररोज खावे आणि ते रात्रीतून पुन्हा वाढावे, अशी कथा प्राचीन ग्रीकांनी रचली. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून टाकला, तेव्हा उरलेला भाग थोड्याच दिवसांत वाढून पूर्ववत आकाराचा झाला. आज बाप मुलाला किंवा पत्नी पतीला आपल्या यकृताचा तुकडा देऊ शकते, ती याच निसर्गदत्त शक्तीच्या बळावर. काही महिन्यांत दात्याचे यकृत बहुतांशी भरून येते.

मग असा हा स्वतःला सावरणारा अवयव सिऱ्हॉसिसमध्ये हरतो का? १८१९ साली लाएनेक या फ्रेंच वैद्याने या रोगाला नाव दिले. स्टेथोस्कोपचा जनकही तोच. रोगग्रस्त यकृताचा पिंगट रंग पाहून त्याने त्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून सिऱ्हॉसिस हा शब्द घडविला. आपल्या परिभाषेत त्याला यकृत्-सूत्रण असे म्हणतात, आणि ते नाव रोगाचे मर्म अधिक नेमके सांगते. मद्य, कावीळीचे विषाणू किंवा साचलेली चरबी यांचा मारा यकृतावर वर्षानुवर्षे होत राहिला की जखमा भरून काढण्याच्या खटाटोपात तंतूंचे जाळे विणले जाते. त्या जाळ्यात पेशींची बेटे अडकतात, यकृताची घडण बिघडते, रक्ताचा मार्ग अडतो. तुंबलेले रक्त अन्ननलिकेच्या शिरा फुगवते आणि त्या फुटल्या की रक्ताची उलटी होते. पोटात पाणी साचून जलोदर होतो. न गाळलेली विषद्रव्ये मेंदूपर्यंत पोचून भ्रम उत्पन्न होतो. चरकाचार्यांनी उदररोगाचे आठ प्रकार सांगितले, त्यांत जलोदराचा समावेश आहे. म्हणजे रोगाची लक्षणे आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती.

ज्यांनी आपल्याकडील खाजन शेती पाहिली आहे, त्यांना हे एका दृष्टांताने पटेल. नदीकाठचा बांध फुटतो, मानशीच्या फळ्या कुजतात आणि भरतीचे खारे पाणी शेतात शिरते. एका वर्षी शिरले तर पावसाने जमीन धुऊन निघते व पुन्हा पीक येते. परंतु वर्षामागून वर्षे शिरत राहिले तर जमीनच नापीक होते. अशा वेळी कोणी उत्तम प्रतीचे बियाणे आणून दिले, तरी ते रुजणार कशात? आधी बांध घालावा लागतो, मग जमीन धुऊन निघावी लागते. सिऱ्हॉसिसमध्ये उणीव बीजाची असते, त्याहून अधिक ती भूमीची असते. मूलपेशींच्या जाहिराती ही गोष्ट सांगत नाहीत.

मूलपेशींचे खरे कर्तृत्व

याचा अर्थ मूलपेशी हे थोतांड आहे असा कोणी घेऊ नये. ज्या पेशीपासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात आणि जी स्वतःचीही प्रतिकृती निर्माण करते, ती मूलपेशी. १९६० च्या दशकाच्या आरंभी टोरांटो येथे टिल आणि मॅकलक यांनी अस्थिमज्जेतील अशा पेशींचे अस्तित्व प्रयोगाने दाखवून दिले. अस्थिमज्जेचे रोपण करून रक्ताचा कर्करोग बरा करण्याची वाट डॉनल थॉमस यांनी घालून दिली, आणि त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९९८ साली विस्कॉन्सिन येथे जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढविल्या. २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीलाच मूलपेशीचे रूप दिले, पुढच्याच वर्षी मानवी पेशीवरही तो प्रयोग साधला, आणि २०१२ साली तेही नोबेलचे मानकरी झाले. २०१३ साली योकोहामा येथील संशोधकांनी अशा पेशींपासून यकृताचे सूक्ष्म अंकुर घडविले. ही विद्या अस्सल आहे. म्हणूनच तिच्या नावावर चालणारा बाजार अधिक धोक्याचा ठरतो. खोटे नाणे नेहमी खऱ्या नाण्याच्याच ठशावर पाडले जाते.

यकृताच्या बाबतीत ही आशा कशी उत्पन्न झाली, तेही पाहण्यासारखे आहे. २००० सालच्या सुमारास असे दिसून आले की अस्थिमज्जेतील पेशी उंदरांना दिल्या असता त्या यकृतात पोचतात आणि यकृतपेशींसारख्या वागू लागतात. संशोधक हर्षभरित झाले. परंतु २००३ साली अधिक बारकाईने तपास झाला, तेव्हा आढळले की त्या प्रयोगांत अस्थिमज्जेतील पेशींचे यकृतपेशीत रूपांतर झालेले नव्हते; त्या आधीपासून असलेल्या यकृतपेशींशी एकजीव झाल्या होत्या. आता अभ्यासकांचा कल असा आहे की अशा पेशी स्वतः यकृत बनत नाहीत, तर काही द्रव्ये स्रवून दाह शमवितात आणि तंतूंचे विघटन होण्यास हातभार लावतात. म्हणजे "नवे यकृत" हे वर्णन शास्त्राच्या दृष्टीने मुळातच चुकीचे ठरते.

चाचण्यांचा कौल

माणसांवरील चाचण्यांनी काय सांगितले? २००६ साली जपानमधील यामागुची विद्यापीठात नऊ रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून देण्यात आल्या आणि काही महिन्यांत त्यांच्या रक्ततपासण्यांत सुधारणा दिसली. बातमी जगभर गेली. मात्र तुलनेसाठी पेशी न दिलेल्या रुग्णांचा गट तेथे नव्हता. पुढे २०१३ साली इराणमधील एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिच्यात २७ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला पेशी दिल्या, दुसऱ्याला निःसत्त्व द्रव. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ब्रिटनमधील तीन इस्पितळांत ८१ रुग्णांवर झालेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला अस्थिमज्जेतील पेशी रक्तात उतरविणारे औषध आणि तिसऱ्याला त्या औषधाबरोबर पेशीही देण्यात आल्या. यकृताच्या कार्यात पेशींमुळे सुधारणा झाली नाही. उलट त्या गटात गंभीर उपद्रव अधिक दिसले.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०१६ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी मद्यजन्य सिऱ्हॉसिसच्या ७२ रुग्णांवरील चाचणीत पेशी दिलेल्या रुग्णांच्या यकृतातील तंतूंचे प्रमाण घटल्याचे दाखविले. परंतु हे सर्व रुग्ण आधीच सहा महिन्यांहून अधिक काळ मद्य सोडलेले होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. आणि रुग्ण अधिक काळ जगतात, हे काही त्या चाचणीने सिद्ध केले नाही. २०२१ साली चीनमधील २१९ रुग्णांच्या चाचणीत नाळेतील पेशी दिलेल्या गटाचे आयुर्मान दीर्घकाळात अधिक दिसून आले. हा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. परंतु एका ठिकाणचा निष्कर्ष अन्यत्र पुन्हा सिद्ध व्हावा लागतो, तेव्हाच तो उपचार म्हणून मान्यता पावतो. एडिंबरा येथे मूलपेशींऐवजी रोग्याच्याच रक्तातील भक्षकपेशी वापरण्याचा प्रयत्न झाला आणि २०१९ साली पहिल्या नऊ रुग्णांत तो निर्धोक असल्याचे आढळले. संशोधन चालू आहे आणि ते चालू राहिलेच पाहिजे.

इतरत्र पुन्हा सिद्ध होणे इतके महत्त्वाचे का, याचे वानगीदाखल एक उदाहरण आपल्याच देशातील आहे. अस्थिमज्जेतील पेशी रक्तात उतरविणाऱ्या वर सांगितलेल्या औषधाने यकृत अकस्मात ढासळलेल्या जुन्या रुग्णांचे प्राण वाचू शकतात, असे दिल्ली येथील अभ्यासाने २०१२ साली दाखविले. ४७ रुग्णांच्या त्या चाचणीत औषध दिलेल्यांपैकी दोन महिन्यांनी हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश होते, तर न दिलेल्यांत ते जेमतेम एक-चतुर्थांश. चाचणी प्रामाणिक होती, आशा खरी होती. पुढे जर्मनीत तेच औषध १७६ रुग्णांवर पडताळून पाहिले गेले आणि २०२१ साली निष्कर्ष आला की त्याने काहीही लाभ होत नाही. इतक्या सचोटीने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षदेखील मोठ्या कसोटीवर टिकला नाही; मग ज्यांनी कसलीच चाचणी केलेली नाही, त्यांच्या दाव्यांची किंमत काय समजावी?

"परंतु अमक्याला गुण आला," असे सांगणारा कोणीतरी नेहमी भेटतो, आणि तो खोटे बोलत असतो असेही नाही. सिऱ्हॉसिसच्या रोग्याची प्रकृती भरती-ओहोटीसारखी वर-खाली होत असते. माणूस दवाखान्यात धाव घेतो तो ओहोटीच्या वेळी. त्यानंतर थोडी भरती बहुधा येतेच, आणि तिचे श्रेय हाती असलेल्या उपचाराला मिळते. शिवाय लाखो रुपये खर्चून आलेला रोगी दारूला शिवत नाही, मीठ कमी करतो, औषधे वेळेवर घेतो, घरची माणसे डोळ्यांत तेल घालून त्याची शुश्रूषा करतात. गुण येतो तो याचा. बोलबाला होतो तो सुईचा. म्हणून तर तुलनेचा गट लागतो. ज्यांना गुण आला नाही, ते गावोगावी सांगत फिरायला राहत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशातील नियमांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ साली प्रथम मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या शीर्षकात "मूलपेशी संशोधन आणि उपचार" असे शब्द होते. २०१३ साली ती सुधारून काढताना "उपचार" हा शब्द जाणूनबुजून वगळण्यात आला. कारण उघड आहे. रक्ताच्या आणि तत्सम काही विकारांसाठी होणारे अस्थिमज्जेचे रोपण सोडले, तर बाकीचे जवळजवळ सारे क्षेत्र अद्याप संशोधनाचे होते, आणि "उपचार" या शब्दाच्या आडून व्यापार चालला होता. २०१७ सालच्या सुधारित तत्त्वांनीही हीच भूमिका कायम ठेवली. पुढे एखाद-दुसऱ्या निराळ्या विकारासाठी पेशीजन्य औषधाला आपल्याकडे रीतसर परवानगी मिळाली आहे. परंतु सिऱ्हॉसिससाठी असे एकही उत्पादन भारतात मान्यता पावलेले नाही.

यावरून सामान्य माणसाला उपयोगी पडतील असे काही प्रश्न हाती येतात. कोणी सिऱ्हॉसिससाठी मूलपेशी देऊ करीत असेल, तर पहिला प्रश्न विचारावा : ही चाचणी आहे की उपचार? उपचार असे उत्तर आले, तर ते नियमांना सोडून आहे. चाचणी असे उत्तर आले, तर तिचा नोंदणी क्रमांक मागावा. २००९ पासून चाचण्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणे बंधनकारक झाले आहे आणि ती कोणालाही पाहता येते. नैतिक समितीची मंजुरी दाखवा म्हणावे. अपाय झाल्यास भरपाईची तरतूद काय, ते विचारावे; २०१९ च्या नियमांनी ती आवश्यक केली आहे. शेवटचा प्रश्न पैशांचा. खरी चाचणी रोग्याकडून उपचाराचे शुल्क घेत नाही. जेथे प्रयोगही रोग्यावर आणि खर्चही रोग्याचाच, तेथे संशोधनाचे नाव घेऊन दुकान मांडले आहे असे खुशाल समजावे.

"करून पाहायला काय हरकत आहे, नुकसान तर होणार नाही ना," असेही म्हटले जाते. तेही खरे नव्हे. २०१८ साली अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून केलेली पेशीद्रव्ये टोचल्यामुळे बारा जणांना गंभीर जंतुसंसर्ग होऊन इस्पितळात दाखल करावे लागले. ते सिऱ्हॉसिसचे रुग्ण नव्हते. सिऱ्हॉसिसच्या रोग्याची तर प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते, रक्त नीट गोठत नाही. साधा संसर्गही त्याच्या जिवावर बेततो. याहून मोठे नुकसान वेळेचे. रोपणासाठी योग्य असलेला रोगी सहा महिने सुयांच्या मागे घालवितो, आणि परत येतो तेव्हा रोपणाची वेळ टळून गेलेली असते. तोवर जमीनही गेलेली असते.

हातचे उपाय

सिऱ्हॉसिस झाला म्हणजे सारे संपले, ही समजूत या बाजाराला खतपाणी घालते. ती समजूत आता जुनी झाली आहे. मारा थांबला तर तंतूंचे जाळेदेखील विरू शकते. कावीळ ब च्या विषाणूला पाच वर्षे औषधाने दाबून ठेवले, तेव्हा आरंभी सिऱ्हॉसिस असलेल्या ९६ रुग्णांपैकी ७१ जणांच्या यकृतात पाच वर्षांनी तो उरला नव्हता, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. या किमयेला मूलपेशी लागल्या नाहीत; रोज एक गोळी लागली. कावीळ क चा विषाणू १९८९ साली उजेडात आला. आज बहुतेक रुग्णांत तो बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी नाहीसा होतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही विषाणूंची तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. कावीळ ब ची लस तर बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते. तिच्याइतका स्वस्त बांध दुसरा नाही.

मद्यजन्य सिऱ्हॉसिसमध्ये दारू पूर्णपणे सोडणे हाच पहिला उपचार होय. कमी करणे नव्हे, सोडणे. पोटात पाणी साचलेले रोगीदेखील मद्यत्यागानंतर सावरल्याची उदाहरणे इतकी आहेत की तज्ज्ञांनी या सावरण्याला स्वतंत्र संज्ञा दिली आहे. अन्ननलिकेतील शिरा फुटू नयेत म्हणून प्रोप्रॅनोलॉलसारखी काही रुपयांची गोळी १९८० च्या दशकापासून वापरली जाते. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली तर यकृतातील कर्करोग लहान असतानाच सापडतो. जेवणातील मीठ कमी करावे; आपल्या किनारपट्टीवर हे सांगणे अधिक अगत्याचे, कारण सुके मासे, लोणचे आणि खारवलेल्या कैऱ्या यांवाचून आपले पान वाढले जात नाही. डाळ, अंडी, ताजी मासळी बंद करून रोग्याला नुसत्या पेजेवर ठेवण्याची जुनी पद्धत मात्र हानिकारक आहे. त्याला पौष्टिक अन्नाची गरज असते. कच्ची वा अर्धवट शिजलेली कालवे व तिसऱ्या तर त्याने मुळीच खाऊ नयेत; खाऱ्या पाण्यातील एक जंतू अशा रोग्यांना प्राणघातक ठरतो.

एवढे करूनही यकृत ढासळत गेले, तर सिद्ध झालेला उपाय एकच, आणि तो म्हणजे रोपण. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेत पहिला प्रयत्न केला, तो फसला. १९६७ साली त्यांना यश आले. आपल्याकडे १९९४ साली अवयवरोपणाचा कायदा झाला आणि १९९८ पासून यशस्वी यकृतरोपणे होऊ लागली. आता देशात वर्षाकाठी चार हजारांवर रोपणे होतात. पण त्यांतील फार मोठा वाटा जिवंत नातलगांनी दिलेल्या यकृताचा असतो. मरणोत्तर अवयवदान करणाऱ्यांचे प्रमाण दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहे. दाता मिळत नाही आणि खर्च पेलत नाही, या दोन खिंडींत सापडलेला माणूस बुडत्यासारखा काडीचा आधार शोधतो. जाहिरातदार ती काडी विकतात. म्हणूनच अवयवदानाविषयीचा आपला संकोच हाही या बाजाराचा एक भागीदार आहे, हे कटू असले तरी सत्य आहे. देह पंचत्वात विलीन होण्यापूर्वी कोणा एकाला जीवदान देऊन जावा, याहून मोठे पुण्य ते कोणते?

गोमंतकाला या विषयात बाहेरून शिकण्यासारखे जेवढे आहे, तेवढेच बाहेर शिकविण्यासारखेही आहे. दारू स्वस्त, दुकाने पावलोपावली, आणि उन्हाळ्यात हुर्राक, एरव्ही फेणी हे जणू घरचेच पाहुणे. अशा या प्रदेशात मद्यपानाविषयी बोलणे अनेकांना अरसिकपणाचे वाटते. पण याच गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अतिमद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१७ साली "लॅन्सेट" या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी या पुरुषांशी मोजक्या भेटींत संवाद साधला. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा मागील पंधरवड्यात दारूला अजिबात न शिवलेल्यांचे प्रमाण या गटात ४२ टक्के होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत ते १८ टक्के होते. ना मूलपेशी, ना महागडी यंत्रे. आपल्याच माणसाने आपल्याच भाषेत केलेल्या चार गोष्टी. तुलनेचा गट ठेवून सिद्ध झालेला हा उपाय आपल्या दारात आहे. त्याची जाहिरात मात्र कोणी देत नाही, कारण त्यात कोणाला लाखांची कमाई नाही.

आमच्या मते शासनाने तीन गोष्टी तातडीने कराव्यात. मूलपेशींनी यकृत बरे करण्याच्या जाहिराती करणाऱ्यांकडून परवानगीचे कागद मागवावेत व ते नसल्यास कारवाई करावी. हे समुपदेशन एका अभ्यासापुरते न ठेवता प्रत्येक आरोग्य केंद्रात कायम करावे. अवयवदानाची नोंदणी गावपातळीवर न्यावी. ज्या भूमीत १८४२ सालीच वैद्यकशिक्षणाची शाळा स्थापन झाली, तिला हे अशक्य नाही. आणि चौथी गोष्ट आम्हां वृत्तपत्रांची. बातमी तपासून छापावयाची आणि जाहिरात पैसे मोजून घेऊन छापावयाची, हा भेद संपादकाला ठाऊक असतो. वाचकाला तो दिसतोच असे नाही. त्या गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे द्यावे लागावे, ही आमच्या व्यवसायाला शरमेने मान खाली घालावयास लावणारी गोष्ट आहे. यकृत नवे करून देण्याच्या जाहिराती यापुढे आम्ही स्वीकारणार नाही, असे येथे जाहीर करतो.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले की बागायत विकण्याचा करार आज करू नका. बंधूंना घेऊन पुन्हा आपल्या डॉक्टरांकडे जा. रोपण शक्य आहे काय, घरात दाता आहे काय, शासकीय साहाय्य किती मिळेल, हे नीट विचारा. आणि त्या दवाखान्याला वरील प्रश्न पत्राने कळवा. पैसा लागायचाच असेल तर तो सिद्ध झालेल्या उपायाला लागू द्या. त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग हळूच म्हणाले, "भाऊनं आठ महिने झाले, थेंब घेतलेला नाही." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, पण त्या आठ महिन्यांना उपचार म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. बांध घातला गेला होता. आता जमीन धुऊन निघते काय, हे पाहावयाचे होते. जाताना ते कात्रण त्यांनी परत नेले नाही. ते अजून आमच्या मेजावर आहे.